सायकल एक, सोबत माणूस एक

आमच्या हँगरमध्ये बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात लोकांच्या सायकलींचे मागे राहिलेले भाग पडून असतात. एक पेडल, चार-पाच नट, कुठल्याशा सीटची क्लिप, बाटली अडकवायचा अर्धा स्टँड. कोणाचं काय ते आता कोणालाच आठवत नाही, पण फेकायला हात धजत नाही. किस्स्यांचंही तसंच साठत जातं. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या बाकावर मी एक सांगायला घेतला की त्याला अडकून दुसरा बाहेर येतो, आणि बायको गॅलरीतून विचारते की दूध आणायला गेला होतात ना.

तर आधी ओळख करून देतो. आमची कंपनी म्हणजे एक विमान. मोठ्या विमानतळाच्या मागच्या अंगाला, कलिन्याच्या बाजूने, जिथून खासगी विमानं उडतात, तिथे एक भाड्याचं हँगर आणि त्यात हे नऊ सीटांचं, एका पंख्याचं विमान. मी सावंत, माझं काम वजनाचं. विमानात जे चढणार ते काट्यावर घालायचं, मग ती बॅग असो की माणूस. कागदावर मांडायचं, कुठे काय ठेवायचं ते ठरवायचं आणि कॅप्टनची सही घ्यायची. छोट्या विमानात दहा किलो इकडचे तिकडे झाले तरी फरक पडतो. कॅप्टन म्हणजे देसाई मॅडम. बोलणं कमी, आणि नियम म्हणजे नियम. सही करायच्या आधी कागद दोनदा वाचतात, शेवटचा कोपरासुद्धा.

आणि सामान चढवणारा, बांधणारा कांबळे. मूळचा लातूरकडचा, राहायला मानखुर्दला. तीस वर्षं विमानात सामान भरत आलेला आणि एकदाही त्यात बसून न उडालेला. गावाकडे त्याची म्हातारी आई. दर रविवारी फोनवर विचारणार, "ज्यात तू सामान भरतूस, त्यात तुला बसवीत न्हाईत व्हय रं?" हा म्हणणार, बसवतील की. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

*

सायकली आल्या त्या लॉकडाऊननंतर. त्या काळात अंधेरीच्या लोकांना सायकलचं वेड लागलं. पहिल्या वर्षी जुहूपर्यंत, दुसऱ्या वर्षी घोडबंदरपर्यंत, आणि मग त्यांना कोकणातले घाट हवे झाले. पण घाटापर्यंत पोचायला सायकल नको, विमान हवं. आमच्या मालकांचे मित्रच सगळे, नाही कोण म्हणणार?

सायकल न्यायची म्हणजे सीट काढायची. एका सायकलीला एक सीट गेली असं धरा. पहिलंच गिऱ्हाईक होतं ते नवरा-बायको. तीन मित्र, त्यांच्या सायकली आणि एका सीटएवढ्या बॅगा मोजून झाल्यावर हिशोब असा निघाला की या साहेबांची सायकल तरी जाईल नाहीतर बायको तरी. मी कागद घेऊन उभा. साहेबांनी बायकोकडे बघितलं, मग सायकलकडे बघितलं, आणि बायकोला म्हणाले, तुला तसाही विमानात त्रासच होतो ना.

साहेबांनी सायकल चढवायला पुढचं चाक काढलं आणि सवयीने बायकोच्याच हातात दिलं, जरा धर म्हणाले. कांबळेने सायकल बांधली, दार लागलं, विमान गेलं. बाईंनी आमच्याकडचा चहा घेतला, रिक्षा बोलावली आणि निघाल्या.

तासाभराने रत्नागिरीहून साहेबांचा फोन. पुढचं चाक कुठाय? मी बाईंना फोन लावला. त्या घाटकोपरला घरी पोचल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "माझ्याजवळ आहे ना. ते म्हणाले होते, जरा धर."

*

वजनाचं तर विचारूच नका. ही सायकलवाली मंडळी वजनासाठी जीव टाकतात. एकाने सांगितलं की त्याने सायकलचे स्क्रू बदलून वीस ग्रॅम वाचवले. मी म्हटलं, झकास, आता तुम्ही या काट्यावर. तर आकडा बघून गृहस्थ म्हणाले, थांबा. बूट काढले. पट्टा काढला. घड्याळ, फोन, पाकीट, सगळं काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा चढले. आकडा जरा बरा दिसला. मग त्यांनी सगळं पुन्हा अंगावर चढवलं आणि विमानाकडे चालायला लागले.

देसाई मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, ते सगळं इथेच ठेवून येणार असाल तर मी सही करते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. माणूस जसा दारातून येईल तसा काट्यावर, हातातल्या बाटलीसकट. आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही. कागदावर लिहायचा, कागद दुमडायचा. बायका असोत, पुरुष असोत, वजन ऐकलं की चेहरा पडतोच. वीस वर्षं मी लोकांचे चेहरे बघतोय, सांगतो तुम्हाला, पुरुषांचा जास्त पडतो.

*

पहिल्याच पावसाळ्यानंतर एक गोंधळ झाला. कोणीतरी कांबळेच्या डोक्यात भरवलं की वर गेल्यावर हवा पातळ होते आणि सायकलींचे टायर फुटतात. आमचं विमान जेवढं वर जातं तेवढ्याने टायरला काही होत नाही, पण कांबळे म्हणजे काळजी करणारा माणूस. त्याने चारच्या चार सायकलींची हवा काढली. आणि मी वजन कमी करायला काय उतरवलं असेल? हवा भरायचा पंप. तो त्याचं काम करत होता, मी माझं. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

चार जण कोल्हापूरला उतरले. अंगावर घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, आणि हातात चपट्या सायकली. दोन किलोमीटर ढकलत गेले तेव्हा रस्त्याकडेला एक पंक्चरवाला भेटला. साठीचा माणूस. त्याने एकामागून एक आठ टायर बघितले, एकाही टायरला भोक नाही. कुठून आलात म्हणून विचारलं. हे म्हणाले, मुंबईहून, विमानाने. तो म्हणाला, "विमानात बसला होता तर मग सायकलींची हवा का गेली?"

मालक भडकले. आम्हा दोघांना उभं करून झाडलं. पण त्यातून एक गोष्ट चांगली झाली. मालकांनी नियम काढला आणि हँगरच्या भिंतीवर लावला, की विमानात सायकल असेल तर ती बांधणारा-सोडणारा माणूस सोबत जाऊ शकतो, वजन बसत असेल तर.

कांबळेने तो कागद तीनदा वाचला. त्या रविवारी आईला फोन करून सांगितलं, आता नियमच झालाय.

मी तेव्हाच त्याला काट्यावर उभा केला. चौसष्ट किलो. त्या दिवसापासून मला सवय लागली. रोजचा हिशोब झाला की कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने चौसष्ट लिहायचे आणि ते बसतात का बघायचं. मनाशीच. नाही बसले की तसेच ठेवायचे, खोडत नव्हतो.

*

आता त्या नियमाची गंमत बघा. सायकली असल्या की सोबत त्यांचे मालक असतात, त्यांच्या बॅगा असतात, आणि वजन काठोकाठ भरतं. कांबळे बसत नाही. आणि कधी विमान कोणाला आणायला रिकामं जातं, तेव्हा जागाच जागा. पण सायकल नाही, म्हणजे बांधायचं काम नाही, म्हणजे कांबळेला जायचं कारण नाही. मालकांना एकदा मी विचारलं होतं, रिकाम्या विमानात नेऊ का त्याला. ते म्हणाले, आज कांबळे, उद्या त्याचा मेव्हणा. बात खतम.

*

मॅग्नेटचा किस्सा सांगतो. मॅडम एकदा विमान रनवेच्या तोंडाशी घेऊन गेल्या आणि तिथूनच वळवून परत आल्या. असं त्या कधी करत नाहीत. आम्ही दोघं घाबरलो. मॅडम उतरल्या, म्हणाल्या, रनवे सरळ समोर आहे आणि होकायंत्र भलतीकडेच बोट दाखवतंय. जायचंय गोव्याला आणि ते म्हणतंय ठाण्याला चला.

कांबळेने सगळ्यात पुढची सायकल तपासली, जी मॅडमच्या सीटच्या अगदी मागे उभी बांधली होती. हँडलवर मोबाइल चिकटवायचं मॅग्नेटचं होल्डर! बोटाएवढी वस्तू. ज्याची सायकल ते गृहस्थ म्हणाले, एवढ्याशाने काय होतंय. मॅडम म्हणाल्या, "तुमचं काही होत नाही. माझी दिशा जाते."

दुसऱ्या दिवशी कांबळेने घरून बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणली, दोऱ्याला बांधली. मग प्रत्येक सायकलवरून ती सुई फिरवायची, हँडलपासून मागच्या चाकापर्यंत, सावकाश. सुई कुठे ओढली गेली की तिथे मॅग्नेट आहे. लोक हसायचे. एकाने तर विचारलं की नजर काढताय का. कांबळे हसला नाही आणि थांबलाही नाही. मॅडम तेव्हापासून सुई फिरल्याशिवाय इंजिन सुरू करत नाहीत.

*

लातूरच्या बाजूला सायकली तीनदा गेल्या. तिकडे कोणाचं तरी फार्महाऊस होतं. तिन्ही वेळा मी कांबळेला आधी सांगितलं की या वेळी बसेल असं वाटतंय. तिन्ही वेळा त्याने आईला कळवलं. ती माउली सकाळी आवरून अंगणातल्या भिंतीला टेकून आभाळाकडे बघत बसायची.

पहिल्या वेळी ऐनवेळी एक पाहुणा वाढला. दुसऱ्या वेळी आंब्याच्या चार पेट्या वाढल्या. आंबे! तेव्हा मी हँगरच्या मागे जाऊन मालकांना मालवणीतून जे काही बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

तिसऱ्या वेळी मात्र सगळं जमत आलं होतं. मी दोनदा हिशोब केला, तीनदा केला. दोन किलो जास्त होत होते. फक्त दोन. मी मॅडमकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, खालच्या कोपऱ्यापर्यंत वाचला, आणि मान हलवली. म्हणाल्या, दोन किलो म्हणजे दोन किलो. त्या चूक नव्हत्या. एकदा दोन सोडले की पुढच्या वेळी पाच सुटतात.

कांबळे पिशवी घेऊन तयार होता. पिशवी खाली ठेवली, सायकली बांधल्या, सुई फिरवली, दार लावलं. विमान गेल्यावर त्याने आईला फोन केला. ती म्हणाली, राहू दे लेकरा, पुन्हा सांगू नकोस, मान दुखते वर बघून.

त्यानंतर त्याने तिला कधी सांगितलं नाही.

*

आता शेवटचा.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी कांबळे रिटायर झाला. त्याचं ठरलं होतं, मानखुर्दची खोली मुलाला द्यायची आणि आपण गावी आईजवळ जाऊन राहायचं. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलेलं. बायको आठवड्यानंतर जाणार होती.

आणि नेमकं त्याच दिवशी विमान लातूरला निघालं होतं. एका लग्नाची नऊ माणसं तिकडून मुंबईला आणायची होती. म्हणजे जाताना विमान पूर्ण रिकामं, आणि लातूरला! मला सकाळपासून काही सुचत नव्हतं. नऊच्या नऊ सीटा जागेवर, सायकल एकही नाही. मी कागद भरला. माणसं शून्य, सामान शून्य. कोपऱ्यात हाताने आपोआप चौसष्ट लिहिले गेले. वाटलं खोडावं, शेवटच्या दिवशी तरी. नाही खोडले. मॅडमकडे सहीला नेला.

मॅडमनी वाचला. वर बघितलं नाही. म्हणाल्या, "सावंत, एक सायकल राहिली आहे."

मला कळेना. मॅडमनी हँगरच्या दाराकडे बघितलं. तिथे आमची काळी सायकल उभी होती. कॅरियरवाली, घंटी नसलेली, सीटला पिशवी बांधलेली. गेटपासून हँगरपर्यंत ये-जा करायला कांबळे ती वापरायचा, आणि तेल-पाणीही तोच करायचा. मॅडम म्हणाल्या, सकाळी मालकांना फोन केला होता. कांबळेंना निरोपाचं काही द्यायचंय का विचारलं. मालक म्हणाले, तुम्हीच बघा काहीतरी. तेव्हा मॅडम म्हणाल्या, ती सायकल देते. म्हणाले, ते भंगार? खुशाल द्या. मग माझ्यापुढे कागद सरकवून म्हणाल्या, "सायकल कांबळेंची. जाणार लातूरला. सोबत माणूस लागतो ना? भिंतीवर लिहिलंय. तुमचे ते चौसष्ट मी पाच वर्षं वाचतेय."

मी बाहेर आलो आणि कांबळेला सांगितलं. तो जाऊन तोंड धुऊन आला.

सायकल काट्यावर घातली. एकोणीस किलो. मग म्हटलं, कांबळे, चल, तूही चढ. नियम तो नियम. हातातल्या पिशवीसकट चढला. काट्याचा आकडा स्थिर झाला आणि मी बघत राहिलो. एकसष्ट.

पाच वर्षं मी प्रत्येकाला दर वेळी काट्यावर घातलं. बाटलीसकट, बुटासकट घातलं. आंब्यांना घातलं. आणि याला मी एकदाच घातला होता, पहिल्या वर्षी. चौसष्टचे एकसष्ट कधी झाले, मला माहीत नाही. तिसऱ्या वेळी दोन किलो जास्त होत होते. मॅडमनीही आकडा बघितला होता. त्या दुसरीकडे बघायला लागल्या.

कांबळे काट्यावरून उतरला. म्हणाला, "काटा जुना झालाय रे सावंत. मनावर नको घेऊ."

मग त्याने सायकलचं पुढचं चाक काढलं, हँडल वळवलं, आणि एकच सायकल म्हणून सीट न काढता, मागच्या बॅगांच्या रिकाम्या जागेत ती अशी बांधली की जणू आजच शोरूममधून आलीय. सुई काढली. त्या सायकलला मॅग्नेट कुठून असणार, पण हँडलपासून मागच्या चाकापर्यंत फिरवली, सावकाश. मॅडम सीटवर बसून थांबून राहिल्या. सुई फिरून झाली, तेव्हा इंजिन सुरू केलं. कांबळे खिडकीपाशी बसला. विमान वळलं तेव्हा त्याने हात हलवला की नाही ते मला दिसलं नाही, डोळे भरून आले होते.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी मुलुंडला बाकावरच होतो. विचारलं, कसं वाटलं वर? म्हणाला, काय सांगू, ढग खाली होते. बराच वेळ ढगांचंच सांगत होता. मग म्हणाला की लातूरच्या विमानतळावरून गावाला जायला काही मिळेना, म्हणून चाक जोडलं आणि बारा किलोमीटर सायकलवरच घरी गेलो. घामाघूम झालो, धुळीने माखलो.

मी म्हटलं, आईला कळवलं होतंस का?

नाही, म्हणाला. अंगणात सायकल लावली, आवाज ऐकून ती बाहेर आली. मला बघितलं, सायकल बघितली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "मुंबैपासनं सायकलीवर आलास व्हय रं?"

"मग सांगितलंस ना तिला?"

त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"पाय शेकायला पाणी तापवतेय ती," कांबळे म्हणाला. "गुडघ्यांना तेल लावते म्हणतेय. आता कसं सांगू?"